काचेवर राहिलेली

मी काचेची एक पट्टी आहे. करंगळीएवढी लांब, दीड बोट रुंद. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात, तसली. माझं काम एवढंच की मी दिसू नये. उजेड माझ्यातून आरपार जावा आणि माझ्यावर ठेवलेलं तेवढं दिसावं. तेव्हा माझ्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःलाही पुष्कळदा शंका येते.

माझ्या अंगावर दोन बिऱ्हाडं होती. डावीकडे कांद्याचा पापुद्रा आणि उजवीकडे वंदनाबाईंच्या गालाच्या आतली खरवड.

वंदनाबाई भोकरदनच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुलांनी घाबरू नये म्हणून दातकोरणीच्या बोथट टोकाने आधी स्वतःचाच गाल आतून खरवडायच्या. तास संपला की इतर पट्ट्या धुतल्या जात. निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांनी माझ्यावर निळ्या रंगाचे आणि ग्लिसरीनचे थेंब टाकले, दोन पातळ काचा ठेवल्या आणि कडेने नेलपॉलिश फिरवून दोन्ही बिऱ्हाडं बंद केली.

"हे बघा," त्या मुलांना म्हणाल्या, "कांद्याच्या पेशी म्हणजे जालन्याच्या मस्तगड भागातली घरं. भिंतीला भिंत लावून. पटलाच्या बाहेर पेशीभित्तिका, म्हणून आकार मोडत नाही. आत पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका, म्हणून केंद्रक बिचारं कोपऱ्यात. आता माझा गाल बघा. भिंत नाहीच. नुसतं पातळ पटल, म्हणून कडा दुमडतात. मधोमध निळा ठिपका दिसतो ते केंद्रक. पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो."

मिथुन नावाच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ही पेशी जित्ती हाय का?"

"नाही रे. रंग टाकला तेव्हाच मेली."

"मंग तुमचा थोडा भाग मेला की."

वर्ग हसला. त्याही हसल्या. "तो रोजच मरतो. भाकरी चावली तरी गालाच्या पेशी निघून जातात. तरी उभी आहे ना तुमच्यासमोर?"

पुढे त्या मला कापसात गुंडाळून जालन्याच्या घरी घेऊन गेल्या. त्यांचे यजमान बद्रीनाथ पेशीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारे, आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "रंग जरा जास्त झालाय."

"असू द्या. मी आहे ती तशी," वंदनाबाई म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही. मी तिथं नव्हते. बद्रीनाथांच्या थोरल्या बहिणीच्या, गिरिजाबाईंच्या तोंडून ऐकलं. जो तो हात जोडून पुढे आला. लेक अर्पिता म्हणाली, मी बाबांकडे लक्ष देईन. वंदनाबाईंचा भाऊ म्हणाला, राहिलेलं सगळं करू. कावळे झाडावर बसून राहिले. बद्रीनाथ काहीच बोलले नाहीत. अशा गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"बद्री, तिचं कायतरी घरात राह्यलंय," गिरिजाबाई म्हणाल्या. "जीव अडकलाय तिचा."

तेव्हा बद्रीनाथांना मी आठवले.

त्या दिवसापासून दिवेलागणीला ते मला काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात आणि भिंगाला डोळा लावून बसतात. पहिली शंका, ही खरवड तिचीच की आणखी कुणाची? बायकांच्या पेशीत केंद्रकाच्या कडेला कधीकधी एक गडद ठिपका दिसतो. तो त्यांनी शोधला, सापडला, पुसटसा हसले. मग वाटलं, तो रंगाचा कण असेल. दुसऱ्या पेशीत शोधला. असे कितीतरी दिवस.

एकदा पुटपुटले, "काल ही कड दुमडलेली नव्हती."

मी हलले नव्हते. निदान मला तसं वाटतं.

एक गोष्ट त्यांना छळायची, आणि त्यांच्यामुळे मलाही. पेशी मेली की तिच्यातल्या लयकारिका, म्हणजे पाचक रसाच्या पिशव्या, फुटतात आणि ती स्वतःलाच पचवून मोकळी होते. माझ्यावरच्या पेशींना तेवढीही सुटका मिळाली नव्हती. रंगाने मारल्या, ग्लिसरीनने राखल्या.

"बाबा, डोळे दुखतील," अर्पिता म्हणायची.

गिरिजाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गोदावरीत सोड तिला."

"आक्का, मेलेली पेशी आहे ही. त्यात वंदना नाही."

"बराबर. मंग रोज कोणाला बघून राह्यलास?"

प्राध्यापकांनी दिवा विझवला.

वर्षश्राद्धाच्या आधी तिघं गोदावरीकाठच्या शहागडला निघाले. मी बद्रीनाथांच्या सदऱ्याच्या खिशात होते. वाटेत वडीगोद्रीला चहाला थांबले तेव्हा त्यांनी खिसा चार वेळा चाचपला.

"आहे का, पडली?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"आहे."

"तिला पण पाज मंग घोटभर. तुझ्या हातचा कवा मिळाला व्हता तिला."

अर्पिता तोंड फिरवून हसली. बद्रीनाथांनी चहा अर्धाच ठेवला.

गिरिजाबाईंनी काठावर दहीभाताची पत्रावळ मांडली. बद्रीनाथ गुडघाभर पाण्यात उतरले. अंगठ्याच्या नखाने उजवीकडचं नेलपॉलिश खरवडलं. पातळ काच निघाली. मला त्यांनी पाण्यात धरलं, आणि धरूनच राहिले.

मग ते बोलले. शिकलेला माणूस, बायकोशी असं मोठ्याने बोलायची सवय नव्हती.

"वंदना, रंग बराबर होता. मीच उगीच बोललो. जा तू आता. मी राहीन."

पाण्याने निळाई नेली. भिंत नसलेल्या त्या पेशी चटकन सुटल्या. डावीकडचा कांदा आपल्या जागी राहिला.

"शिवला," मागून गिरिजाबाई म्हणाल्या. कावळा पत्रावळीवर होता. बद्रीनाथांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

आता मी पुन्हा कापसात असते. दिवेलागणीला ते मला काढतात, कांदा सोडून उजवीकडची रिकामी काच बघतात आणि परत ठेवतात. झोप लागते, असं अर्पिताला सांगताना ऐकलं.

पण नेलपॉलिशची एक रेघ कडेला तशीच राहिली आहे, आणि तिच्याखाली एक पेशी. दुमडलेली, मधोमध निळी. मला तिचं वजन जाणवतं. म्हणजे ती गेलीच नाही. मग कावळा कशाला शिवला? त्याला तेवढे शब्दच हवे होते का? मला ठाऊक नाही; मी काच आहे.

बद्रीनाथांचं भिंग रोज त्या कडेच्या थोडं अलीकडे थांबतं. तुम्ही कधी त्या घरी गेलात आणि त्यांनी मला तुमच्या हातात दिलं, तर फक्त मधोमध बघा. कडेपर्यंत जाऊ नका.