काटेसाहेबांच्या कोटातलं ओझं

दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे, ही काटेसाहेबांची सरकारी नोकरी. ती त्यांच्या हाडीमासी इतकी खिळली होती, की बाजारात त्यांना सगळे काटेसाहेबच म्हणत आणि घरी बायकोही रागावली की तेच म्हणे. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की फळवाल्यांपासून भंगारवाल्यांपर्यंत सगळ्यांची पाचावर धारण बसे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोटातून कोरून हलकं केलेलं वजन, मोजताना पारड्यावर हळूच टेकवलेला अंगठा, यांतलं काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे. खोट्या काट्यावर त्यांनी कधी दया दाखवली नव्हती, आणि खऱ्या काट्यावर शिक्का मारताना मात्र ते बाळाला तीट लावावी तसे हळवे होत.

या कारवायांच्या कथा ते रोज जेवताना सांगत. बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि त्यांच्याकडेच राहणारी थोरली बहीण, ताई, या तिघी वर्षानुवर्षं त्या ऐकत आल्या होत्या. वजनात फसवाफसवी कशी करावी, याचं इतकं पद्धतशीर शिक्षण शहरात दुसरीकडे कुठे मिळालं नसतं. आपण घरात तीन शिष्या तयार करतोय, हे मात्र काटेसाहेबांच्या कधी ध्यानात आलं नाही.

मग त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि केमोथेरपी सुरू झाली. औषध आपलं काम करत होतं, पण जाता जाता भूकही घेऊन गेलं. तोंडात सतत धातूची चव येई. बायकोने वरणभातासारखं मऊसूत काही पुढे केलं, की एक घास घेऊन ते विचारात पडत.

"पितळ," ते म्हणत. "काल लोखंड होतं."

"मग आज प्रगती आहे," बायको म्हणे. "खा."

वजन उतरत चाललं. शेवटचा एक डोस राहिला असताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बघा, वजन आणखी घसरलं तर शेवटचा डोस मला थांबवावा लागेल. मग दाखल व्हायचं, नाकातून नळी घालून अन्न द्यायचं, ताकद आली की पुढचं." डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीहून थोड्याच मोठ्या होत्या, आणि एवढं सगळं त्यांनी हसतमुखाने, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. पण काटेसाहेबांच्या कानात फक्त "डोस थांबवावा लागेल" एवढंच शिरलं. डोस थांबला म्हणजे औषध थांबलं, औषध थांबलं म्हणजे आत कुठेतरी दबा धरून बसलेला शत्रू उठून उभा राहिला, असं त्यांच्या मनाने घेतलं. घरच्या तिघींनीही नेमकं तेवढंच ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत प्रत्येकाने आपापल्या मनात बेत शिजायला घातला.

डोसच्या दिवशी सकाळी काटेसाहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. कपाटाच्या तळाशी त्यांचा जुना, कामातून बाद झालेला वजनांचा डबा होता. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं झोपलेली. त्यातली अर्ध्या किलोची दोन त्यांनी उचलली, पोटऱ्यांना बँडेजने बांधली आणि वरून मोजे चढवले. इतक्या वर्षांत कित्येक लबाडांना त्यांनी आरशासमोर उभं केल्यासारखं शरमायला लावलं होतं. आज आरशात बघायचं त्यांनी टाळलं.

दवाखान्यात वजन करताना बूट काढावे लागत, पण वॉर्ड गारठलेला असल्यामुळे कोट अंगावर ठेवू देत. हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. ते आणखी तिघींनीही हेरलंय, याची त्यांना कल्पना नव्हती.

बाहेर आले तर मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभी. "बाबा, पी."

"आत्ताच प्यायलो."

"डॉक्टर म्हणाल्यात भरपूर पाणी प्यायचं. औषध किडनीवर बसतं."

तेही खरंच होतं, म्हणून ते प्यायले. तिने बाटली पुन्हा भरली. ती विज्ञान शाखेची होती, आणि एक लिटर पाण्याचं वजन किती, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

बायकोने कोट आणला. ती घरी पडदे शिवून देई. "खालची शिवण उसवली होती, टाके घातलेत," ती म्हणाली, आणि नजर दुसरीकडे वळवली. ताईने कोट हातातून घेऊन त्यांना तो मायेने चढवला, बटणं लावली, पाठीवरून हात फिरवला. "देव तुझ्या सोबत आहे, बाळ्या."

"ताई, तू रोज घंटा वाजवून प्रार्थना करतेस. आज ऐकू आली नाही."

"आज मनातल्या मनात केली," ताई म्हणाली.

गाडीतून उतरून दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागले, आणि काटेसाहेबांचे पाय उचलेनात. मोज्यातल्या वजनांचा हिशेब त्यांनी धरला होता. पण हे त्याहून फार जास्त होतं. खांदे ओढले जात होते. कोट जणू कुणीतरी मागून धरून ठेवला होता. वर पोहोचेस्तोवर त्यांना दोनदा कठड्याला टेकावं लागलं. अंगात ताकद उरली नाही, स्वतःचा कोट पेलवत नाही, असं त्यांना वाटलं आणि तोंडचं पाणी पळालं. बाकीचं पाणी मात्र जागेवर होतं, आणि ते बाहेर पडायची घाई करू लागलं होतं.

बाकावर बसताना आणखी एक भयंकर गोष्ट झाली. डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक टोचलं. ते सरकून बसले. तरी टोचलं. हात लावून बघायची त्यांची छाती होईना. गाठ. नवीन गाठ, आणि चांगली मोठी. इतके डोस, इतक्या उलट्या, इतकं लोखंड आणि पितळ चाखून झाल्यावर ही वर आली होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघून विचित्र हसली. तिला कळलंय आणि ती लपवतेय, असं त्यांना वाटलं. तिला वाटलं, यांना कळलंय आणि हे लपवताहेत. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं.

त्यांच्या आधी एका म्हातारीचं वजन झालं. लोकरी टोपी घातलेली, काडीसारखी म्हातारी. सिस्टरने आकडा सांगितला, तशी ती काट्यावरून उतरायलाच तयार होईना.

"एक किलो वाढले," ती सगळ्या बाकांना उद्देशून म्हणाली. "सून म्हणत होती, आई, तुमच्या अंगाला काही लागत नाही. आता सांगते तिला."

मग काटेसाहेबांची पाळी आली. बूट काढून ते काट्यावर चढले. काट्याच्या बाजूला तपासणीचा शिक्का होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

सिस्टरने आकडा बघितला, मागच्या वेळचा बघितला, पुन्हा हा बघितला. "उतरा. परत चढा बरं."

ते उतरले, चढले.

"चार किलोंहून जास्त वाढलेत," सिस्टर म्हणाली. "काय खाल्लंत?"

"आवडीने खातोय," काटेसाहेब म्हणाले. पण त्यांच्याच कपाळावर आठ्या पडल्या. एक किलोचा डाव, चार किलोंचा निकाल. त्यांच्या पेशात असं घडत नसतं.

सिस्टरने डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, आकडा पाहून गंभीर झाल्या. "इतक्या थोड्या दिवसांत इतकं वजन चांगलं नाही. अंगात पाणी साठलं असेल. तसं असेल तर आज डोस नाही, आधी तपासण्या." मग त्या थबकल्या. "नाहीतर काटा बिघडला असेल. काटेसाहेब, तुमच्याइतका जाणकार आम्हाला कुठे मिळणार? काटा बिघडलाय का? तसं असेल तर गेल्या वेळचं वजन धरून औषध देते."

झालं. आयतं दार उघडलं होतं. "हो, बिघडलाय," एवढं म्हटलं की डोस मिळत होता. काटेसाहेबांनी तोंड उघडलंही.

"म्हणजे माझंही वाढलेलं नाही का हो?" मागून म्हातारीचा आवाज आला. तिने टोपी हातात घेतली होती, आणि सुनेला सांगायची सगळी भाषणं तिच्या चेहऱ्यावरून उतरत होती.

काटेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या शिक्क्याकडे. मग एक सुस्कारा सोडला.

"काटा खरा आहे," ते म्हणाले. "आजी, तुम्ही वाढलात. काट्यावर उभा आहे तो माणूस खोटा आहे."

आणि तिथेच वाकून त्यांनी पँट वर केली, मोजे उतरवले, बँडेज सोडलं आणि दोन्ही वजनं डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली. डॉक्टरीणबाईंनी वजनं हातात तोलून पाहिली.

"आता घ्या," काटेसाहेब मान खाली घालून म्हणाले, आणि काट्यावर चढले.

आकडा अजूनही मागच्या वेळेपेक्षा तीन किलोंहून वरच होता.

आता मात्र ते मनापासून घाबरले. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. इथे, बरगडीखाली. नवीन गाठ आली आहे. मोठी आहे. तिचंच वजन असेल."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि कोटावरूनच अलगद बोटं टेकवली. मग जरा दाबलं.

टण्, असा आवाज आला.

डॉक्टरीणबाई मागे सरकल्या. त्या बरंच शिकल्या होत्या, पण वाजणारी गाठ त्यांच्या शिकण्यात आली नव्हती.

"कापूस निसटला वाटतं," ताई पुटपुटली.

अस्तराच्या आतल्या खिशातून प्रार्थनेची पितळी घंटा निघाली. ताई ताठ मानेने पुढे आली. "मी वजनासाठी नाही ठेवली. देव सोबत असावा म्हणून ठेवली. त्यात वजनही होतं, तर ती त्याची कृपा."

"ताई," काटेसाहेब म्हणाले, "मी मघापासून मरतोय."

"मरशील कशाला? म्हणून तर ठेवली."

ते पुन्हा चढले. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. आता वॉर्डातले सगळे रुग्ण, सलाइनच्या नळ्या सांभाळत, माना उंचावून बघू लागले. काटेसाहेबांच्या अंगात मुरलेला निरीक्षक जागा झाला. त्यांनी कोट काढला, कडा चिमटीत धरली आणि बायकोकडे रोखून पाहिलं.

"शिसं आहे," ते म्हणाले.

"पडद्यांना लावतो ते," बायको म्हणाली. "झोक चांगला येतो."

"मला झोक कशाला?"

"अहो, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, तो रद्दीवाला रद्दी विकताना पोत्याच्या कडेला शिसं शिवायचा ते? मी शिवण जास्त बारीक घातली."

त्यांना रागही आला आणि शिवण बघून कौतुकही वाटलं. इतकी सफाई त्या रद्दीवाल्याला कधी जमली नव्हती. पण बोलायला सवड नव्हती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"अजून काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते.

मुलीने शाळेतल्यासारखा हात वर केला. "पाणी. बाटलीभर. म्हणजे, दीड बाटली. पण ते आता त्यांच्याकडे आहे."

काटेसाहेब तोवर स्वच्छतागृहाच्या दिशेने निघालेही होते.

ते आत असताना डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून इतक्या हसल्या, की सिस्टरने त्यांना पाणी आणून दिलं. मग डोळे पुसून त्या तिघींना म्हणाल्या, "औषध किती द्यायचं ते मी उंची आणि वजनावरून काढते. तुमचं ऐकलं असतं तर आज मी घंटेला आणि पडद्यालाही केमो दिली असती, आणि ती सगळी गेली असती त्यांच्या अंगात. कळतंय का?" तिघींच्या माना खाली गेल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "आणि डोस थांबवणं म्हणजे हार मानणं नव्हे हो. थोडे दिवस ताकद भरायची, एवढंच. हे मी तेव्हाच नीट समजवायला हवं होतं."

काटेसाहेब परतले, हलके होऊन. अंगात साधा सदरा, पायात काही नाही. ते शेवटचे काट्यावर चढले.

"गेल्या वेळेपेक्षा कमी," सिस्टर म्हणाली. "जेमतेम पाव किलोने."

"कमी म्हणजे कमी," काटेसाहेब म्हणाले. त्यांनी असंच ऐकवून कित्येकांचे काटे जप्त केले होते. "थांबवा डोस."

"काटेसाहेब, तुमच्या खात्यात तफावतीला थोडी सूट असते ना?"

"असते. नियमात आहे. मी कधी कुणाला सहजी दिली नाही."

"मी देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाव किलो म्हणजे काहीच नाही. रक्त तपासून घेऊ, ते ठीक असेल तर डोस आजच. खऱ्या वजनाचा."

रक्त ठीक निघालं. सलाइन लागलं तेव्हा ताईने घंटा उशाशी ठेवायची परवानगी मागितली. मिळाली, अट एवढीच, की वाजवायची नाही. म्हातारी समोरच्या पलंगावरून ओरडून म्हणाली, "एकदा वाजू दे की." सिस्टर औषध आणायला गेली तेवढ्यात एकदा वाजली.

पुढे तपासण्या होत राहिल्या, अहवाल स्वच्छ येत राहिले आणि काटेसाहेबांच्या जिभेवरून एकेक धातू उतरत गेला. ते कामावर रुजू झाले. नियमात बसणारी बारीक तफावत दिसली की आता ते कुरकुर न करता शिक्का मारत, आणि बाजाराला कळेना, की साहेबांना झालंय तरी काय.

दवाखान्यात मात्र त्यांच्यासाठी वेगळा नियम झाला. काट्यावर चढण्याआधी सिस्टर त्यांचे खिसे, मोजे आणि कोटाची शिवण तपासून घेई. एका तपासणीला ते चढले, आणि आकडा पाहून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काटेसाहेब, परत?"

डॉक्टरीणबाई आल्या. सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने ताईकडे, ताईने मुलीकडे. खिसे उलटे केले, मोजे काढले, शिवण चाचपली. कुठे काही नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पोटावर दोन बोटांनी टिचकी मारली. वाजलं नाही. मऊ होतं.

"हे सगळं तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "आता जरा कमी करा."

काटेसाहेब काट्यावरून उतरेचनात.