खाचेतलं ग्रीस

"कुठल्या गाढवानं इथं ग्रीस फासलंय?"

डोलकाठीच्या मध्यावर, दोरीला टांगलेल्या पाटावर बसून आमचे हे ओरडले आणि पाठोपाठ एक काळीकुट्ट चिंधी माझ्या पायाशी येऊन पडली. मी खाली चक्रीपाशी उभी होते. हँडल फिरवून ह्यांना वर चढवायचं, दोरी खुंटीला पक्की करायची, मेण लावलेल्या चिंध्या बादलीतून वर पाठवायच्या आणि मान वर करून उभं राहायचं, हे माझं काम. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं तोंड पाहिलं नसेल तेवढे मी त्याचे तळपाय पाहिलेत.

"हळू बोला, अख्ख्या धक्क्याला ऐकू जातंय."

"जाऊ दे की! खाचेत कुणी ग्रीस लावतं का? धूळ चिकटते, मीठ चिकटतं. शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

डोलकाठीच्या पाठीला वरपासून खालपर्यंत एक अरुंद खाच असते. शिडाच्या कडेला शिवलेल्या पट्ट्या तिच्यातून वरखाली सरकतात. ही खाच साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं घासायची, गोड्या पाण्यानं धुवायची, वाळली की मेणाचा पातळ हात द्यायचा. ग्रीस लावायचं ते चाकांना आणि बिजागऱ्यांना. हे मला ह्यांनीच शिकवलं आणि शिकवताना माझी अक्कलही भरपूर काढली.

या बोटीची खाच मागच्या आठवड्यात आम्हीच साफ केली होती. त्या दिवशी हे चिंध्यांची वाट न बघता स्वतःच डबा घेऊन वर गेले. संध्याकाळी सामानाची पेटी आवरताना पाहिलं, तर मेणाचा डबा जसाच्या तसा होता आणि ग्रीसमध्ये बोटांनी उकरल्याच्या खुणा होत्या. ह्यांचं मधलं बोट कप्पीत सापडून थोटं झालंय. ती थोटी खूण ओळखायला मला चष्मा लागला नाही. सकाळी काहीतरी निमित्त काढून ग्रीस पुसून घ्यावं म्हटलं, तर बोटीच्या मालकीणबाई उजाडायच्या आतच ती घेऊन गेल्या होत्या.

चहात दोनदा साखर घालणं, भाच्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारणं हे ह्यांचं आधीपासून चालूच होतं. ते मी हसण्यावारी नेलं. पण या कामात ह्यांचा हात कधी चुकला नव्हता. तेव्हापासून पाटाची गाठ मीच बांधते आणि ओढून बघते.

"माझ्यावर भरवसा नाही का गं?" ते विचारतात.

"दोरीवर नाही," मी म्हणते.

एवढ्यात धक्क्याचे मॅनेजर तरातरा आले. "काकू, काल भर वाऱ्यात शीड अर्ध्यात अडकलं. बाई जीव मुठीत धरून परतल्या. कुणाचं काम हे?"

"शोधून काढा त्याला!" वरून ह्यांनी सूर मिळवला. "असल्या माणसाला डोलकाठीला हात लावू देऊ नका!"

"नाहीच लावू देणार. उद्या कुणाचा जीव जायचा."

मॅनेजर बरोबरच बोलत होते, हीच तर पंचाईत होती. डोलकाठी काढून घेतली तर ह्यांच्याकडे उरलं काय? घरात चमचे कुठं असतात हेही ज्याला ठाऊक नाही, तो माणूस दिवसभर खिडकीशी बसून काय करणार?

"मी लावलं," मी म्हटलं. "चिंध्या मीच भिजवून देते. डबा चुकला."

मॅनेजरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर. त्यांना पटलं नसावं. "यापुढे डब्यांना हात लावू नका, काकू. दोरी तेवढी धरा," म्हणाले आणि निघून गेले.

मग डोलकाठीवर दोन टकटक झाल्या. दोन म्हणजे खाली घे. एरवी हे ओरडून सांगतात.

खाली आल्यावर त्यांनी पेटी उचलून माझ्यापासून लांब ठेवली. ग्रीसचा डबा मी आधीच पिशवीत टॉवेलाखाली दडवला होता. "इतकी वर्षं शिकवलं," एवढंच बोलले. जेवतानाही पाठ फिरवून बसले. मला रडू आलं आणि संतापही आला. खरं काय ते तोंडावर फेकावं, असं वाटलं. पण घास गिळला.

दुपारभर आम्ही रॉकेलनं, मग साबणानं खाच घासली. मेण लागल्यावर शीड सरसर वर गेलं, तेव्हा कुठं त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

संध्याकाळी घरी बेसिनपाशी मी दुसऱ्या जुन्या टूथब्रशनं त्यांची नखं घासत होते. दिवसभराच्या हँडलनं माझे खांदे भरून आले होते.

"एवढं काळं कशानं झालं गं?"

"खाचेत ग्रीस होतं ना."

"खाचेत? कुणी लावलं?"

चेहऱ्यावर दुपारच्या रागाचा मागमूस नव्हता. ते खरंच विचारत होते. मी थोट्या बोटाभोवती ब्रश फिरवत राहिले.

"मी," मी म्हटलं.

मग साबणाच्या ओल्या हातानं त्यांनी माझं मनगट थोपटलं.

"असू दे. होतं असं. मॅनेजरला बोलू नकोस हं, मी सांभाळून घेईन."

आणि घासायला दुसरा हात पुढे केला.