उपाशी पट्टा

आवडाबाईंची गंगापूरजवळ दोन रानं होती, एक नदीकाठचं काळं आणि एक टेकाडावरचं मुरमाड बरड. कृषी खात्याच्या मॅडमनी दोन्हीकडं गव्हाचे दोन-दोन पट्टे आखून दिले. एकाला पोटॅश खत द्यायचं, दुसऱ्याला नाही.

काळ्या रानात दोन्ही पट्टे सारखेच पिकले. "काळ्या मातीत पोटॅश मुळातच भरपूर असतं, फरक दिसेल तो बरडावर," मॅडम म्हणाल्या. पण बरडावरची मळणी झाली आणि त्यांचा चेहराच उतरला. पोटॅश न दिलेला पट्टा तिथंही तितकाच पिकला होता.

"म्हणजे खतच बनावट निघालं. दुकानदाराची तक्रार करावी लागेल."

आवडाबाई लगबगीनं पुढं आल्या. दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं, बन्सीचं होतं.

"बन्सीला काय बी करू नका," त्या एका दमात बोलून गेल्या. "पेरणीच्या आधी बिरू धनगराच्या मेंढ्या रातभर मीच बसवल्या त्या पट्ट्यावर. एकाला वाढायचं आन् शेजारच्याला उपाशी ठेवायचं, हे मला नाय बघवलं."

मॅडम खो खो हसत सुटल्या. "अहो, मेंढ्यांच्या लेंड्या-मुतात पोटॅशच तर असतं! मग खत कशाला खोटं असेल?"

आवडाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"पण पुढच्या साली तो पट्टा खरोखर बिनखताचा ठेवायचा हं," मॅडमनी बजावलं.

"तुमच्या अंगणात ठेवा," आवडाबाई फणकारल्या. "माझ्या रानात कुणी उपाशी राहत नसतं."