चिकटलेल्या फोटोंतली नर्मदाकाकू

आमच्या रांझीच्या घरची गच्चीवरची टाकी गळली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत पाणी शिरलं. आम्हाला कळलं तोवर आतल्या जुन्या फोटोंची एकमेकांना चिकटून वीट झाली होती. माझे सासरे शशिकांत ती हातात घेऊन हळहळले.

"आता काय होणार याचं? चलो, ग्वारीघाटला नदीत सोडून देऊ."

"काहून?" सासूबाई म्हणाल्या. "माणसं आहेत आत."

माझ्या सासूबाई कुमुद तशा कमी बोलतात. त्यांनी दोन पराती धुतल्या, थंड पाणी भरलं आणि आधी भेडाघाटचा, माणसं नसलेला एक फोटो पाण्यात सोडला. बिघडला तर तोच बिघडू दे. तो मागच्या पुठ्ठ्यावरून अलगद सुटला, तसा त्यांना धीर आला. मग रोज स्वयंपाक आटोपला की त्या बसायच्या. ओढायचं नाही, नखाने खरवडायचं नाही, पाण्याला त्याचा वेळ द्यायचा. सुटलेला फोटो जुन्या धोतरावर, पंख्यापासून दूर, सावलीत. मी बँकेतून घरी यायची तेव्हा दिवाणावर अनोळखी पाहुणे झोपल्यासारखे दिसायचे. काहींचे चेहरे गेले होते. तेही फोटो त्यांनी वाळवून ठेवले. "साडी तर दिसते ना," म्हणायच्या.

एका लग्नाच्या फोटोत मांडवाच्या खांबाशी एक तरुण बाई होती. कडेवर तान्हं मूल. ती कोण, हे सासऱ्यांनाही सांगता येईना. मी म्हटलं, "आई, नसेल कोणी जवळचं."

"शर्मिला, लेकरू घेऊन आली आहे. उगाच कशी येईल?"

सासऱ्यांचे मुरलीधरकाका महाराजपुरात राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण आठवण पक्की. रविवारी आम्ही फोटो घेऊन तिकडे गेलो. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"ही नर्मदावहिनी," ते म्हणाले. "आमच्या मोठ्या दादाची पहिली बायको. कडेवर बेबी आहे. पुढच्याच साली वहिनी टायफॉइडने गेली. दादाचं दुसरं लग्न झालं, मग तिचं नावच घरात कोणी घेतलं नाही."

बेबीताई म्हणजे सासऱ्यांची चुलत बहीण. लग्न होऊन कुंडमला गेल्या, तिथेच त्यांचा सारा संसार झाला. सत्तरीला आल्या तरी आपली आई कशी दिसायची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी फोटोची मोठी प्रत काढवून घेतली. दुकानदार म्हणाला, "दीदी, चेहरा और साफ कर दूँ? नाक-डोळे नवे बसवून देतो." त्यांनी नको म्हटलं. "जेवढी आहे तेवढीच राहू दे. नाही तर भलतीच कोणी होईल." मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, त्यांनी दोन्ही नावं लिहिली.

कुंडमला पोचलो तेव्हा बेबीताई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. सासूबाईंनी त्यांना आधी हात धुवायला लावले, खाटेवर बसवलं आणि मगच प्रत मांडीवर ठेवली.

"ताई, ही तुमची माय. अन् ह्या तुम्ही."

बेबीताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मला वाटलं, रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल पसरलं.

"अगं बाई! केवढीशी पोर आहे ही माय. माझ्या नातीएवढी." त्यांनी मुलाच्या पायावर बोट ठेवलं. "किती घट्ट धरून राहिली मला, पाहिलं का कुमुद?"

मग मात्र त्यांचा बांध फुटला. सासूबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

थोड्या वेळाने बेबीताई उठल्या, तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि फोटो छातीशी धरून शेजारच्या घराकडे निघाल्या. फाटकातूनच त्यांची हाक ऐकू आली, "भाभी, बाहर आओ! मेरी माँ आयी है."