आठ शाली आणि एक बॅरिटोन

विश्वेश जर्मनीत ऑपेरात गातो, हे पंचवटीत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपेरा म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा भरदार, खालच्या पट्टीतला. अशा आवाजाच्या वाट्याला बाप, राजा नाहीतर खलनायक येतो. पाच वर्षं पहारेकरी आणि नोकर गाऊन झाल्यावर यंदा त्याला पहिलं मोठं काम मिळालं होतं, दुष्ट सरदाराचं. "म्हणजे हिरो नाहीच का?" असं शेजारच्या मंगलाबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने समजावण्याचा नाद सोडला.

त्याच्या वडिलांनी, शरच्चंद्रगुरुजींनी, तेवढंही विचारलं नव्हतं. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणाऱ्या घरातला एकुलता एक मुलगा परमुलखात तोंडाला रंग फासून ओरडतो, हे त्यांनी गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं. फोनवर गाणं ऐकवायला जावं तर म्हणायचे, "यंत्रातून काय कळतंय? समोर गा, मग सांगतो." त्या एका वाक्यावर विश्वेश पाच वर्षं आस लावून होता.

म्हणून तो सुट्टीवर आल्या आल्या स्थानिक मंडळाच्या शेखरने सत्काराचा घाट घातला, तेव्हा विश्वेशने एकच अट घातली. "मला वीस मिनिटं गायला हवीत. आणि माइक नको."

"वीस काय, चाळीस घ्या, सर!" शेखर म्हणाला. "पण माइक राहू द्या. नाहीतर लोक म्हणतील, मंडळाकडे माइकसुद्धा नाही."

हॉल पाच ते सात मिळाला होता. सातला तिथेच कुणाचा तरी साखरपुडा होता. प्रमुख पाहुणे पावणेसहाला उगवले. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय. परिचयात जर्मनीची इटली झाली आणि बॅरिटोनचा बॅरिस्टर. "हे ऑपेरा-बिपेरा आपल्याकडे पूर्वीपासून होतंच," असं पाहुण्यांनी पंचवीस मिनिटं ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मग शाली सुरू झाल्या. मंडळाची, ज्येष्ठ नागरिक संघाची, सोसायटीची, पाहुण्यांच्या मेव्हण्याची. भर मे महिन्यात आठ शाली! त्यानंतर, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार राहिला म्हणून तोही उरकला.

पहिल्या रांगेत गुरुजी ताठ बसले होते. चहासुद्धा त्यांनी परत पाठवला. आपल्यासाठीच ते कान मोकळे ठेवून बसलेत, हे पाहून विश्वेशचा गळा भरून आला, आणि गायच्या आधी गळा भरून येणं बरं नसतं.

सातला पाच कमी असताना शेखर वाकून म्हणाला, "सर, एखादं कडवं घ्या ना पटकन." विश्वेश उठला. त्याने छाती भरून श्वास घेतला तोच साखरपुड्याची मंडळी तबकं घेऊन दारात आली. शेखरने माइक ओढला. "वेळेअभावी गायन पुन्हा कधीतरी. सर्वांचे आभार!" त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

सकाळी पेपरात बातमी होती: 'विश्वेश यांच्या सुरांनी नाशिककर मंत्रमुग्ध'. शेखरने ती आदल्या दुपारी तीनलाच लिहून धाडली होती. मंडळाची तशी पद्धतच होती. गुरुजी कात्रीने बातमी कापत होते, अगदी कडेकडेने.

"बाबा, मी गायलोच नाही. तुम्ही समोर होतात."

"होतो की."

"मग आता ऐका. पाच मिनिटं." विश्वेशचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, आणि त्याची त्याला लाज वाटली. तरी तो उभा राहिला.

गुरुजींनी कात्री खाली ठेवली. कात्रणावरून हात फिरवत ते पहिल्यांदाच मायेने म्हणाले, "बस रे. इतकं छान छापून आलंय. आता गाऊन उगाच गालबोट कशाला लावतोस?"