पंच्याचे चार बोळे

मी एक जुनी कॅम्परव्हॅन आहे आणि सध्या माझा राग अगदी नाकाच्या शेंड्यावर आहे. एरवी आम्हा गाड्यांची जात सोशीक. कुणी दार आपटले, कुणी पायरीवर चिखलाचे बूट झाडले, तरी आम्ही हूं की चूं करत नाही. पण मित्रांनो, जिने एका कुटुंबाला दोन महिने पोटाशी धरून साऱ्या आयर्लंडच्या किनाऱ्याने फिरवले, तिलाच कुणी घातकी म्हटले तर तिने गप्प बसावे का? मी बसणार नाही. मला तुम्हाला सगळे पहिल्यापासून सांगायचे आहे.

माझा जन्म बावीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. साडेसात मीटरची माझी लांबी, मागे पलंग, मध्ये टेबल आणि समोरासमोर बाके, बाजूला दोन शेगड्यांचा ओटा. सगळे तयार झाल्यावर एका कारागिराने माझ्या नव्या कोऱ्या फरशीला चार भोके पाडली आणि त्यांवर जाळी बसवली. मला फार वाईट वाटले होते. इतकी छान फरशी आणि तिला भोके! मग कळले की ती माझी नाके आहेत. गॅस गळला तर तो तिथून खाली निघून जातो आणि बाहेरची ताजी हवा आत येते. घर असून जी चालते, तिला श्वास घ्यावा लागतो.

माझे पहिले मालक म्हणजे वेक्सफर्डचे एक शिक्षक जोडपे. सोळा उन्हाळे मी त्यांना फिरवले. बाई दर वसंतात गुडघे टेकून बसत आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने माझे चारही झरोके साफ करत. “आता तिला मोकळे वाटेल,” असे त्या नवऱ्याला सांगत. पुढे दोघे थकले आणि मला एका गोठ्यामागे उभे केले. चार वर्षे मी तिथे होते. माझ्या छपरावर शेवाळ वाढले आणि पायरीखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या काळाबद्दल मला फार बोलवत नाही.

मग गेल्या वर्षी गंधार आला. हा डंडॉकमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याची बायको निवेदिता मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करते. त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत जूनअखेर संपत होती आणि नव्या घराची किल्ली सप्टेंबरात मिळणार होती. मधले दोन महिने जायचे कुठे? शाळेला सुट्टी, गंधारचे काम लॅपटॉपवर कुठूनही होणारे. तेव्हा त्याने ठरवले की घरच चाकांवर घ्यायचे आणि देश पाहायचा. त्याने माझे शेवाळ स्वतः घासून काढले. खरे सांगते, त्या दिवशी मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले.

बरोबर नऊ वर्षांची इशिता होती. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर मात्र ती तिथल्या इंग्रजीत देते आणि दर दुसऱ्या वाक्यात ‘ग्रँड’, म्हणजे मस्त, म्हणते. आणि होते मोरेश्वर आजोबा, गंधारचे वडील. वर्ध्याहून मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेले. त्यांनी चौतीस वर्षे एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काम केले होते. मला पाहताच त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला. “दमदार आहे,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझी अशी तारीफ कुणी केली नव्हती. मी तिथेच त्यांची झाले. म्हणून तर पुढचे मला जास्त लागले.

दोन महिने मी घर होते. खड्या चढणी चढले, बोरीनांमधून, म्हणजे दोन्हीकडे दगडी बांध असलेल्या एकाच गाडीपुरत्या वाटांमधून, अंग चोरून गेले. माझ्या प्रेसमध्ये, तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, लोणच्याच्या बरण्या आणि तांदळाची पिशवी बसली. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. माझ्या पांढऱ्या पडद्यांवर हळदीचे डाग पडले, तेही मी पोटात घातले.

पण फोडणीने घोटाळा केला. माझ्या भिंतीवर एक अलार्म आहे. धूर आणि विषारी वायू, दोन्ही ओळखणारा. मोहरी तडतडली की तो बोंबलायचा. मिरचीचा ठसका उठला की पुन्हा बोंबलायचा. निवेदिता वैतागून म्हणाली, “अरे, हा बंद कर ना. साधी आमटी करता येत नाहीये.” त्याच दिवशी गंधारच्या माऊसचा सेल संपला होता. त्याने अलार्मचा सेल काढला आणि माऊसमध्ये घातला. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा त्याला आनंद झाला. माझी वाचा गेली, हे त्याच्या गावीही नव्हते.

माझे नाक गेले ते डोनेगॉलमध्ये. तिथे समुद्रावरून येणारा वारा माझ्या झरोक्यांतून आत शिरायचा आणि इशिताचे पाय गार पडायचे. आजोबा खाली वाकले आणि त्यांना ती चार भोके दिसली.

“हे पाहा, फरशी सडली हिची,” ते म्हणाले.

“बाबा, ते तसंच असेल. डिझाइन असेल काहीतरी,” गंधार लॅपटॉपमधून डोके न काढता म्हणाला.

“गाड्यांतलं मले नको सांगू. चौतीस वर्षं मी बसच्या फरश्या बुजवल्या. नाही बुजवल्या तर यवतमाळ येईपर्यंत पॅसेंजर लाल होते धुळीनं.”

गंधार हेडफोन लावून मीटिंगमध्ये गुंतला आणि निवेदिता बाहेर गेली होती, तेव्हा आजोबांनी आपला जुना पंचा फाडला, त्याचे चार बोळे केले आणि एकेक करून माझ्या चारही नाकपुड्यांत अंगठ्याने गच्च कोंबले. इशिताचे पाय गरम झाले. “थँक्स आजोबा, दॅट्स ग्रँड,” ती म्हणाली आणि आजोबा खुशीत हसले. हेतू प्रेमळ होता, हे मी मान्य करते. पण मित्रांनो, माझ्या प्रेसच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. झरोके बुजवू नका, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. दोन महिन्यांत त्या दारातून लोणचे शंभर वेळा बाहेर आले. कागद एकदाही कुणी वाचला नाही. मला याचीच चीड येते.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही मेयो परगण्यात, कासलबारजवळच्या एका तळ्याकाठी मुक्काम केला. ती जागा पॉड्रिक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची. आजोबांना त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला आजोबांची, पण दोघे रोज तासभर त्याच्या गायी पाहत कुंपणाशी उभे असायचे. पोळा दुसऱ्या दिवसावर आला होता. इथे बैल कुठून आणणार? मग आजोबांनी ठरवले की दोन महिने ओझे वाहिले ते हिने, तेव्हा यंदा पोळा हिचाच. त्यांनी तूप-हळद कालवली, माझ्या पुढच्या दोन्ही बाजूंना, बैलाच्या खांद्याला लावतात तशी चोळली आणि म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

पॉड्रिक कुंपणाशी उभा राहून डोळे विस्फारून पाहत होता. इशिताने त्याला समजावले, “ही इज इन्व्हायटिंग द व्हॅन टू डिनर. यू टू.”

“अगदी ग्रँड,” अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला आणि किती वाजता यायचे ते विचारून गेला. मला गहिवरून आले होते.

पोळ्याच्या सकाळी पाऊस आडवा येत होता. सगळ्या खिडक्या बंद होत्या, छताची झडपही लावलेली. निवेदिताने नऊ वाजल्यापासून दोन्ही शेगड्या पेटवल्या. एकीवर पुरणाची डाळ, दुसरीवर कटाची आमटी, मग तवा. आत छान ऊब आली होती आणि सगळे त्या उबेवर खूश होते. मला मात्र कोंडल्यासारखे होत होते. शेगड्या हवा खात होत्या आणि नवी हवा यायला वाट नव्हती. ज्या वायूला ना रंग ना वास, तो माझ्या पोटात साचत चालला होता.

साडेबाराला आजोबा छत्री घेऊन पॉड्रिकला आणायला निघाले. आवतण दिलेल्या पाहुण्याला घ्यायला जावे लागते, असा त्यांच्याकडचा रिवाज. जाताना त्यांनी दार घट्ट लावून घेतले.

थोड्या वेळाने इशिता म्हणाली, “आई, माय हेड इज सोअर.”

“सकाळपासून स्क्रीन बघते आहेस. जरा पड,” निवेदिता म्हणाली. तिचे स्वतःचे डोके दुखत होते, पण तिला वाटले, उभे राहून राहून दुखते आहे. ती जरा टेकावे म्हणून बाकावर बसली ती तिथेच कलंडली. गंधारने तिच्याकडे पाहिले, उठायचा प्रयत्न केला आणि त्याचे डोके टेबलावर गेले. त्याच्या हाताशी माऊस होता आणि माऊसमध्ये माझा सेल होता. तव्यावरची पोळी काळी झाली. मी ओरडू शकत नव्हते. तीन माणसे माझ्या पोटात निजत चालली होती आणि मी नुसती उभी होते. तसे असहाय मला गोठ्यामागच्या चार वर्षांतही वाटले नव्हते.

एक वाजता पॉड्रिक आला, हातात सफरचंदाचा केक घेऊन. आजोबांनी दार उघडले आणि ते जागीच थिजले. पॉड्रिकने मात्र केक चिखलात टाकला, श्वास रोखून आत धाव घेतली, शेगड्या बंद केल्या आणि इशिताला उचलून पावसात आणले. मग दोघांनी मिळून बाकीच्यांना ओढून काढले. पाऊस तोंडावर पडल्यावर गंधार आणि निवेदिता हलू लागले. इशिता हलली नाही. अॅम्ब्युलन्स तिला कासलबारच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली आणि तिने डोळे उघडले ते संध्याकाळी. ते मला पॉड्रिककडून कळले. तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि एकटाच बोलत होता.

आता ऐका माझे खरे दुःख. इस्पितळात, हे मला नंतर कळले, डॉक्टरीणबाईंनी विचारले, व्हॅनमध्ये कुठे हवेची वाट बंद केली होती का? गंधारने प्रश्न मराठीत करून आजोबांना विचारले. आजोबा म्हणाले, “नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपडे न्यायला माझ्याकडे आले, गुडघ्यांवर बसले, चारही बोळे उपसले आणि कोटाच्या खिशात घातले.  

मग गॅसची तपासणी करणारा माणूस आला. त्याने नळी पाहिली, शेगडी पाहिली, झरोके पाहिले. सगळे ठीक. कारण सापडत नाही, गाडी जुनी आहे, पुन्हा वापरू नका, असे लिहून तो गेला. झाले. गंधार म्हणाला, “बाबा, ही गाडीच घातकी निघाली. भंगारात देऊन टाकतो.” आजोबा जमिनीकडे पाहत राहिले. मी घातकी? सोळा उन्हाळ्यांत माझ्यात कुणाला साधी शिंक आली नाही. माझे नाक तुम्ही बुजवायचे, माझी जीभ तुम्ही कापायची, आणि वर खुनाचा आळ माझ्यावर? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांनी हळद चोळली, तेच गप्प होते, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

इशिता इस्पितळातून सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक आला. त्याने माझ्या पुढच्या बाजूला साखळी अडकवली. इशिता आपली पुस्तके घ्यायला आत आली आणि मोजे नसल्याने तिने पाय झटकन वर घेतले.

“आजोबा, द फ्लोअर इज फ्रीझिंग,” ती म्हणाली. “इट वॉज ग्रँड बिफोर.”

आजोबा दारात उभे होते. ते तिच्या पायांकडे बघत राहिले. मग आत येऊन बाकावर बसले.

“गंधार, त्या ट्रकवाल्याले थांबव,” ते म्हणाले.

त्यांनी खिशातून एकेक करून चारही बोळे काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. “हे मी कोंबले होते. डोनेगॉलपासून. डॉक्टरनं इचारलं तवा मी खोटं बोललो. चौतीस वर्षांत माह्या हातच्या गाडीनं कधी दगा देला नाही, अन् पोरीले मीच... मले सांगवलंच नाही रे. या गाडीचा काही दोष नाही.”

गंधारचा चेहरा लाल झाला. “बाबा, ती गेली असती,” एवढेच तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या भिंतीवरच्या अलार्मवर गेली आणि तिथेच अडकली.  त्याने लॅपटॉपच्या पिशवीतून माऊस काढला, सेल बाहेर काढला आणि बोळ्यांशेजारी ठेवला.

“आणि हा मी काढला होता,” तो म्हणाला.

“मीच काढायला लावला,” निवेदिता म्हणाली.

गंधारने सेल अलार्ममध्ये घातला. तो एकदा किंचाळला. इतका कर्कश आवाज, पण त्या दिवशी कुणी कानावर हात ठेवला नाही. ट्रकवाला साखळी सोडून रिकामा गेला. नव्याने तपासणी झाली, कारण लिहिले गेले आणि माझ्यावरचा शेरा पुसला गेला.

आता मी डंडॉकला त्यांच्या नव्या घरामागे उभी आहे. वर्ध्याला परतण्याआधी आजोबांनी माझे चारही झरोके दात घासायच्या ब्रशने साफ केले. मग त्यांनी ते चार बोळे दोऱ्यात ओवले आणि जिथे लोक लिंबू-मिरची टांगतात तिथे, माझ्या पुढच्या काचेशी टांगले. गंधार म्हणाला, “बाबा, लोक विचारतील.”

“इचारू दे,” आजोबा म्हणाले. “माह्या नावानं सांगायचं.”

तर मित्रांनो, विचारणाऱ्यांत पहिले तुम्ही, म्हणून सांगितले. आमच्या अंगावरचे प्रत्येक भोक म्हणजे खोट नसते आणि आमचा प्रत्येक आरडाओरडा म्हणजे कटकट नसते. बोळा कोंबण्याआधी कपाटाच्या दारामागचा कागद वाचा. आणि हातून चूक झालीच, तर बोळा खिशात लपवू नका, डॉक्टर विचारतील तेव्हाच टेबलावर ठेवा. आजोबांना मी माफ केले का? अजून पुरते नाही. पण पुढच्या पोळ्याला त्यांनी आवतण दिले, तर मी जेवायला जाणार आहे.