पडदेवाली

"हेच का ते सरहद्दीचं फाटक?" होऊ घातलेल्या विहीणबाईंनी विचारलं. काहीतरी भव्यदिव्य बघायला मिळेल अशी त्यांची समजूत असावी. समोर लोखंडी दांडा, दोन केबिन, ट्रकांची रांग आणि पलीकडे, परक्या मुलखात, असंच दिसणारं दुसरं गाव. त्यांची धाकटी मुलगी फोटो काढत होती. लग्न जमलं तर हीच माझ्या लेकीची नणंद होणार.

ते जमावं म्हणूनच मी नऊ वर्षांनी या गावात पाय ठेवला होता. नाहीतर मेले तरी आले नसते. विहीणबाईंची अट एकच होती. "मुलगी आवडली. पण आईचा स्वभाव मुलीत उतरतो, आणि बाईचा खरा स्वभाव तिच्या नणंदेला विचारावा. एकदा भेटवा, मग बोलणी पक्की." नाही म्हणायला तोंड होतं कुठे मला?

गाव मला विसरलं नव्हतं, आणि मीही गावाला माफ केलं नव्हतं. चहावाल्याने त्या दोघींपुढे कप ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दूध संपलं." मागे पातेलं काठोकाठ उकळत होतं. औषधवाल्याची बायको दुकानाच्या पायरीवरून ओरडली, "पडदेवाली आली गं!" लगेच वरच्या दोन खिडक्या उघडल्या. मेल्यांना दुसरे उद्योग नाहीत.

"पडदेवाली म्हणजे?" विहीणबाईंच्या मुलीने विचारलं.

"कस्टममध्ये होते ना मी. बायकांची झडती पडद्यामागे व्हायची," मी म्हणाले.

पुढचं गिळलं. गावातली प्रत्येक बाई पलीकडे जायची आणि येताना अंगाला काहीबाही गुंडाळून आणायची. साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक. गावच्या बाईला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. पडद्यामागे घ्यायचं, मुलाबाळांची चौकशी करायची, मनात वीस आकडे मोजायचे आणि बाहेर ओरडून सांगायचं, "बघितलं!" वर्षानुवर्षं मी तेच केलं. हात लावला तो एकदाच, माझ्या नणंदेला.

सासूबाई पलीकडच्या गावात राहायच्या. नणंद दर रविवारी तिकडे जायची आणि माझ्या घरात काय शिजलं, काय करपलं, ते तिखटमीठ लावून सांगायची. येताना सासूबाईंचे टोमणे घेऊन यायची. एका रविवारी माझं डोकं फिरलं. झडती घेतली ती अगदी नियमाप्रमाणे. पोटाला गुंडाळलेलं चार मीटर अस्तराचं कापड निघालं. शिवणकाम करायची ती, आणि अस्तर तिकडे स्वस्त. तिचा पलीकडे जायचा पास कायमचा रद्द झाला. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, तेव्हा आम्ही नवराबायको पलीकडे गेलो आणि ती दांड्याला धरून इकडेच उभी राहिली. त्याच वर्षी आम्ही गाव सोडलं. आता नवराही नाही.

नणंदेची माडीवर एकच खोली. खिडकीशी मशीन, दोरीवर शाळेच्या गणवेशांचे बाह्या नसलेले शर्ट. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. पाहुण्यांना म्हणाली, "या, बसा." खुर्च्या दोनच होत्या. मी पलंगाच्या कडेला टेकले, ते कुणी न सांगताच.

चहा झाला. विहीणबाईंनी सरळ विषय काढला. "तुमचं आणि वहिनींचं कसं होतं? माझीही मुलगी उद्या नणंद होणार, म्हणून विचारते."

नणंद शर्टाची टीप उसवत होती.

"चांगलं होतं," ती म्हणाली. "भांड्याला भांडं लागतंच, तेवढं सोडा. वहिनीने बहिणीसारखं वागवलं मला. आणि भाची तर लाखात एक आहे. डोळे मिटून करून घ्या."

विहीणबाईंचा चेहरा खुलला. जमलं होतं! तिथेच मी तोंड मिटून बसायचं होतं. पण नणंदेने माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत दया होती. शिव्या ऐकायची तयारी करून आले होते मी. एकेका शिवीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. दयेला नव्हतं. अंगाची नुसती लाही झाली.

"खोटं कशाला बोलतेस?" मी म्हणाले. "तुझे उपकार नकोत मला. सांग की, हिनेच माझा पास घालवला म्हणून. हो, घालवला! मुद्दाम घालवला. चहाड्या करायचीस तू माझ्या!"

"पास कसला?" विहीणबाईंनी विचारलं.

मग मी थांबलेच नाही. अस्तर, झडती, सासूबाई, सगळं ओकले. बोलताना मला वाटत होतं, मी माझी बाजू मांडतेय. विहीणबाईंची मुलगी आईला चिकटून बसली.

"आईचं शेवटचं तोंडही बघू दिलं नाही तुम्ही यांना?" विहीणबाई उठल्या. "चल गं. यांच्या घरात सोयरीक नको."

दोघी गेल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नणंदेने शर्ट बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही तिने.

"परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होती. म्हणाली, आत्या, आई येईल, जे झालं ते मला ठाऊक आहे, पण माझ्यासाठी एवढं सांभाळून घे. मी घेतलं, वहिनी. परकी असून घेतलं. तू तर तिची आई ना गं?"